पोलीस भरती : पळणं आणि ताकद यांचा मेळ कसा घालायचा

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15 गुण. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. गोळा मुलांना 7.260 किलोचा, मुलींना 4 किलोचा.

गावोगावची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर नुसती पळतात. दम वाढतो, पण गोळा काही पुढं जात नाही. नुसती जिम करणाऱ्याचा दम 1600 च्या शेवटच्या फेरीत सुटतो. 100 मीटर आणि गोळा मिळून 30 गुण होतात, आणि हे दोन्ही ताकदीचं काम आहे, हे बरेच जण विसरतात.

आठवड्यात तीन दिवस पळणं ठेवा : एक दिवस सावकाश लांब, एक दिवस 400 मीटरच्या जोरदार फेऱ्या, एक दिवस छोट्या स्प्रिंट. दोन दिवस ताकद : बैठका, जोर, पुलअप्स, वजन उचलणं, गोळ्याचा सराव. पायांचा जड व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी वेगात पळू नका, पाय जड पडतात. दोन्ही एकाच दिवशी करायचं तर सकाळी पळणं, संध्याकाळी ताकद. उरलेले दोन दिवस आराम. दिवसभर पोती उचलली असतील तर तोही व्यायामच धरा.

महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नाही. अंडी, दूध, मोड आलेली मटकी, हरभरे, शेंगदाणे घरातच असतात. नडगी दुखायला लागली तर डांबर सोडून मातीवर पळा, आणि दुखणं थांबेना तर डॉक्टरला दाखवा.