दुसरं उत्तर

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. शाळेत असताना मी वहीत एक एकराची चौरस बांधी काढली होती. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. क्ष² = ४३,५६०, म्हणून बाजू सुमारे २०८.७ फूट. सरांनी उत्तराआधी ± लावलं आणि लगेच ऋण उत्तर खोडलं. बांधीची बाजू ऋण कशी असेल? पण खोडायचंच होतं तर लिहिलं कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

त्याचं उत्तर मला इंजिनिअर झाल्यावर भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त मिळालं. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘बीजगणित’ हा त्याचाच भाग. त्यात नियम स्पष्ट आहे: धन आणि ऋण दोन्ही संख्यांचा वर्ग धनच येतो, म्हणून धन संख्येला दोन वर्गमुळं असतात.

मग माकडं येतात. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, इतकी माकडं वनात खेळतात. उरलेली १२ टेकडीवर. समीकरण मांडून वर्ग पूर्ण केला की (क्ष − ३२)² = २५६ उरतं. वर्गमूळ +१६ किंवा −१६. म्हणजे माकडं ४८ किंवा १६. ताळा करा: ३६ + १२ = ४८, ४ + १२ = १६. दोन्ही उत्तरं भास्कराचार्य स्वीकारतात. इथे ऋण मूळ आधीच टाकलं असतं, तर १६ माकडांचा अख्खा कळप हरवला असता!

दुसऱ्या कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत, बाहेर एकच. उत्तरं ५० आणि ५. पण ५ घेतल्यास पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२ माकडं. समीकरण जुळतं, तरी भास्कराचार्य हे उत्तर नाकारतात. ऋण माकडं लोकांना पटणार नाहीत.

त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला शिलालेख १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आज मी कोड लिहितो. वर्गमूळ काढणारं तयार फंक्शन एकच, धन मूळ देतं. दुसरं आपण आठवणीने लिहायचं असतं. न लिहिल्यास प्रोग्रॅम तक्रार करत नाही, फक्त एक उत्तर कमी देतो. सरांनी खोडलं ते बरोबरच होतं. पण त्यांनी आधी लिहिलं, पाहिलं आणि मग खोडलं.