विश्वरचनेचा शोध आणि नारळीकर पितापुत्र

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील पुरुषांचा इतिहास कशासाठी, असे कित्येक बंधुभगिनी विचारतील. आमचे उत्तर इतकेच, की विद्येला कुळ नसते. जे अनुकरणीय, ते कोठूनही घ्यावे.

वरंध घाटात पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारे पाणी आपण सारेच पाहतो. पृथ्वी त्यास ओढते, हे न्यूटनचे उत्तर आम्ही शाळेत शिकलो व पुढे शिकविले. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी निराळे उत्तर दिले. वस्तुमानामुळे अवकाश व काळ यांनाच वक्रता येते व त्या वक्रतेसच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असे त्यांनी मांडले. हे गहन शास्त्र भारतात रुजविणाऱ्यांत कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर अग्रणी होत. केंब्रिजला रँग्लर होऊन ते १९३२ साली पं. मालवीयांच्या निमंत्रणावरून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या सान्निध्यात अभ्यास करण्यास गुजरातचे प्र. चु. वैद्य पदरमोड करून काशीस राहिले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे वैद्यांनी १९४३ साली शोधलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरास झाला. काशीच्या घरात भिंतीवर फळे लावलेले असत. त्यांवर मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानीपर्यंत पुसले जात नसे. असे घर लाभलेला हा मुलगा पुढे केंब्रिजला गेला व १९५९ साली सीनिअर रँग्लर झाला.

तेथे फ्रेड हॉएल हे त्यांचे गुरू. विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे मत हॉएल यांस मान्य नव्हते. विश्व प्रसरण पावते, नवे द्रव्य निर्माण होत राहते व एकंदर रूप कायम राहते, असा त्यांचा पक्ष होता. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नसून विश्वातील इतर सर्व वस्तूंमुळे तिला लाभते, हा माख यांचा विचार त्याच्या मुळाशी होता. परंतु १९६५ साली पेन्झिअस व विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला. आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारे ते मंद प्रारण म्हणजे महास्फोटाची उरलेली ऊब, असे बहुतेकांनी मानले. नारळीकरांनी मात्र प्रश्न सोडला नाही. १९९३ साली हॉएल व बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तोही स्वीकारलेला नाही, हे लपविण्याचे कारण नाही. पुराव्याची मागणी करीत एकट्याने उभे राहणे, हाही ज्ञानाचा धर्मच होय.

१९७२ साली ते मायदेशी परतले. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

हे लिहिताना आम्हांस स्वतःची लाज वाटते. वर्गात 'का?' विचारणाऱ्या कित्येक मुलांस आम्ही 'पुस्तकात आहे तेवढे पाठ कर' म्हणून खाली बसविले. आमच्या हातून झाले ते आपल्या घरी होऊ नये. आपल्या मुलांच्या गुणांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, तो करावाच. पण घरात एक फळाही लावावा, आणि त्यावरील प्रश्न सुटेपर्यंत पुसू नये.