तीन पाय, तीन परंपरा : ट्रान्झिस्टरवरील अक्षरांचा इतिहास

१/८ जुन्या यंत्रात तीन पायांचे दोन काळे तुकडे सापडतात. एकावर 'सी १८१५', दुसऱ्यावर 'बीसी ५४७'. दिसायला जुळे; पण एकाच्या जागी दुसरा तसाच बसवला, तर पाय चुकतात आणि यंत्र मुके होते. खरी ओळख त्या पुसट अक्षरांत आहे.

२/८ आरंभ युरोपात. १९३४ पासून फिलिप्स आणि मुलार्ड यांच्या निर्वात नळ्यांना अर्थपूर्ण नावे मिळू लागली. पहिले अक्षर तापतंतूचे : 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढचे रचनेचे : 'सी' म्हणजे ट्रायोड. म्हणून 'ईसीसी ८३' म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड.

३/८ डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याला तापतंतूच नव्हता! युरोपने त्याला जुन्याच व्याकरणात बसवले : तापतंतू नाही म्हणून 'ओ', ट्रायोडसारखे काम म्हणून 'सी'. 'ओसी ७१' हे नाव असे घडले. नव्या वस्तूच्या नावात जुन्या वस्तूचा अभाव कोरला गेला.

४/८ मात्र 'ओ'वरून मूळ द्रव्य कळत नसे. नव्या पद्धतीत 'ए' म्हणजे जर्मेनियम, 'बी' म्हणजे सिलिकॉन. दुसरे अक्षर कामाचे. 'एसी १२८' जर्मेनियमचा, 'बीसी १०७' सिलिकॉनचा, दोन्ही ध्वनिवर्धनासाठी. १९६६ साली ब्रुसेल्समध्ये स्थापन झालेल्या 'प्रो इलेक्ट्रॉन'कडे या नावांची नोंदणी आली.

५/८ अमेरिकेची रीत वेगळी. '१एन' म्हणजे डायोड, '२एन' म्हणजे बहुधा ट्रान्झिस्टर. पहिला अंक साधारणतः पायांच्या संख्येहून एकाने कमी. पुढचा आकडा केवळ नोंदणीक्रमांक. '२एन २२२२' पाहून द्रव्य कळत नाही. माहितीपत्रक उघडावेच लागते.

६/८ जपानमध्ये '२एसए', '२एसबी' हे पीएनपी. '२एससी', '२एसडी' हे एनपीएन. पण अंगावर छापताना '२एस' गाळतात. आपला 'सी १८१५' म्हणजे '२एससी १८१५'. सपाट बाजू समोर, पाय खाली धरल्यास त्याचे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस; 'बीसी ५४७'चे कलेक्टर, बेस, एमिटर.

७/८ आणखी एक चकवा तारखेचा. आयसीवरील चार अंकी संख्येत अनेकदा आधी वर्ष, मग आठवडा असतो. '७४०२' हे एका प्रसिद्ध आयसीचे नाव. तेच १९७४चा दुसरा आठवडाही असू शकते.

८/८ म्हणून अनोळखी तुकडा हाती आला, की आधी परंपरा ओळखावी, गाळलेली अक्षरे मनात भरावी, तारीख बाजूला काढावी. मगच माहितीपत्रक पाहावे आणि मीटर लावून खात्री करावी. आकडा क्रमांक सांगतो. कूळ सांगतात ती अक्षरे.