जेन्किन्स, टेस्टर आणि एका बटणाचा इतिहास

आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय जेन्किन्सचा आहे, पण डेव्हलपर सांगतात ती गोष्ट नाही. टेस्टरच्या खुर्चीवरून दिसलेली आहे.

आधी थोडं मूळ बघू. सगळ्यांचा कोड वारंवार एकत्र करायचा आणि प्रत्येक वेळी बिल्ड करून तपासायचा, याला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. २००१ मध्ये थॉटवर्क्सच्या मंडळींनी क्रूझकंट्रोल आणलं आणि हे काम मशीनवर सोपवलं. मात्र त्याची मांडणी एक्सएमएल फायलीत हाताने लिहावी लागायची. २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधल्या कोहसुके कावागुचीने हडसन लिहायला घेतलं. कारण अगदी घरगुती होतं. त्याच्या कोडमुळे बिल्ड मोडायची आणि टीम चिडायची, म्हणून ते आपल्याला आधी कळावं, एवढंच. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावावरून वाद झाला, आणि जानेवारी २०११ मध्ये २१४ विरुद्ध १४ मतांनी प्रकल्पाचं नाव जेन्किन्स ठरलं. दोन्ही नावं बटलरची, बरं का!

हडसनमध्ये सगळी मांडणी ब्राउझरमध्ये फॉर्म भरून व्हायची. माझ्या मते खरी उलथापालथ तिथे झाली. आतलं यंत्र तर साधंच होतं. दिलेली कमांड चालवायची. तिने शून्य परत केलं तर पास, दुसरं काही केलं तर फेल. कमांड कोणत्या भाषेतली, ती बिल्ड करते की आणखी काही, याच्याशी बटलरला देणंघेणं नाही. मग लोकांनी बिल्ड बाजूलाच ठेवली आणि नुसत्या टेस्ट त्यावर चढवल्या. त्याच २००४ साली शिकागोत जेसन हगिन्सने सेलेनियम सुरू केलं होतं. ब्राउझर आपोआप चालवायचं साधन फुकट, ते चालवायची खिडकीही फुकट!

मी परसोडीच्या आयटी पार्कात एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून लागलो (नाव राहू द्या). टेस्ट चालवायच्या पैशाच्या टूलची लायसन्स मोजकीच होती; एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने चहा प्यायचा. टीममध्ये दोघी सिनियर होत्या. हिशेबाच्या नियमांची त्यांना खडान्‌खडा माहिती, पण कमांड लाइन कधी उघडलेली नाही. टेस्ट चालवायची तर डेव्हलपरला विनवण्या! जेन्किन्सवर एक फॉर्म झाला: सर्व्हर निवडा, ब्राउझर निवडा, बटण दाबा. त्या दिवसापासून विनवण्या बंद. कोणी, कधी, काय चालवलं याची नोंदही आपोआप राहायची, आणि अमेरिकेतला डेव्हलपर झोपेतून उठला की तोच लॉग बघायचा. वादात "आम्ही टेस्ट केलं होतं" हे आता तोंडी सांगावं लागत नव्हतं.

गमतीही होत्या. अलीकडे खूण हिरवी झाली, पण तेव्हा पास म्हणजे निळा गोळा. जपानीत सिग्नलच्या हिरव्यालाही निळाच म्हणतात ना. आणि गेल्या पाच बिल्ड ठीक असतील तर शेजारी सूर्य, बिघडत गेल्या तर ढग, मग वादळ. मे महिन्यात ४५ अंशांत नागपूरकराला सूर्य ही चांगली बातमी आहे हे समजवायचं म्हणजे, बाप्पा! ढग दिसला की आम्ही खूश.

पण रंगात एक गंभीर गोष्ट होती. लाल म्हणजे काम मध्येच कोसळलं. पिवळा म्हणजे काम पार पडलं, पण काही टेस्ट नापास झाल्या. टेस्टरला हा फरक जीव की प्राण. "सॉफ्टवेअर चुकतंय" आणि "टेस्ट चाललीच नाही" यांत जमीनअस्मानाचं अंतर. हा पिवळा निकालाची एक्सएमएल फाइल वाचून येतो. तिची घडण अँटमधून आली आणि नाव पडलं जेयुनिटचं. ती फाइल जुनी निघाली तर जेन्किन्स थेट विचारतो, की रिपोर्ट सापडले पण नवा एकही नाही, टेस्ट खरंच चालल्या का? टूलने इतका खरा प्रश्न विचारलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिलाय.

हा वापर फक्त आमच्यासारख्या छोट्या ऑफिसांचा नव्हता. एम्बेडेड लिनक्सच्या बोर्डांवर टेस्ट चालवणारं फ्यूगो मुळात जेन्किन्सचाच चेहरा लावून उभं राहिलं.

एप्रिल २०१६ मध्ये जेन्किन्स २.० आलं आणि पाइपलाइन पुढे आली. फॉर्मची जागा हळूहळू ग्रूव्हीच्या फायलीने घेतली. डेव्हलपरच्या दृष्टीने बरोबरच. मांडणी कोडसोबत राहते, बदल दिसतात. आमच्या दोघींपैकी एक ग्रूव्ही शिकली. दुसरीला पुन्हा विनवण्या आल्या, वर्षभरात तिने नोकरी सोडली. तिच्याइतके हिशेबातले दोष नंतर कोणालाच सापडले नाहीत.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गिटहब ॲक्शन्स सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा त्यात हाताने दाबायचं बटणच नव्हतं. कोड बदलण्यासारखी एखादी घटना घडली, मगच काम सुरू. लोक बटणासाठी आडवाटा शोधत राहिले. जुलै २०२० मध्ये बटण आलं, आणि सोबत भरायचा फॉर्मही.