घड्याळवाल्याचा ऑर्गन

लॉरेन्स हॅमंड मुळात घड्याळवाला. जुने हॅमंड ऑर्गन दुरुस्त करताना एवढं ध्यानात ठेवलं, की कुठे कुठलं तेल घालायचं याचे निम्मे वाद मिटतात. मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर, राहायला शिकागोजवळ, आणि इथल्या चर्चमधले हे ऑर्गन उघडून बसणं हा माझा उद्योग. हॅमंडही मेकॅनिकल इंजिनियर, जन्मला शेजारच्या इव्हॅन्स्टनला, १८९५ साली. त्याला स्वतःला ऑर्गन वाजवता येत नसे.

१९२८ मध्ये त्याने विजेच्या घड्याळांची कंपनी काढली. त्या घड्याळांची मोटर सिंक्रोनस, म्हणजे वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीला धरून फिरणारी. मंदीत घड्याळांचा खप पडला तेव्हा त्याने पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबल विकून पाहिलं. मग तशाच मोटरवर त्याने वाद्य उभं केलं. पेटंट १९३४ चं, पहिलं मॉडेल १९३५ चं.

आत ९१ दातेरी चाकं फिरतात. प्रत्येकाशेजारी एक लोहचुंबक, त्यावर तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की वेटोळ्यात लहर उठते. दाते जितके भरभर जातील तितका सूर चढा. एवढ्या चाकांच्या बेअरिंगना तेल कसं पोचवायचं? हॅमंडने वर तेलाच्या पन्हाळी ठेवल्या आणि त्यांतून बारीक सुती दोरे थेट बेअरिंगपर्यंत सोडले. समईची वात तेल ओढते तसा दोरा तेल ओढतो आणि थोडं थोडं खाली देत राहतो. वर्षातून एकदा पन्हाळींच्या नरसाळ्यांत तेल घालायचं, मोटरच्या कपांत थोडं, की झालं. सगळी भिस्त त्या दोऱ्यांवर. म्हणून तेल हवं पातळ, स्वच्छ, न चिकटणारं. कंपनीचं स्वतःचं तेल त्यासाठीच होतं. आजही त्या जातीचं हलकं टर्बाइन तेल मिळतं.

लोकांनी मात्र हाताला लागेल ते ओतलं. थ्री-इन-वन हे तेल १८९४ पासूनचं, मूळचं सायकलींसाठी. घराघरांत असे, म्हणून ऑर्गनमध्येही गेलं. काही वर्षांनी ते घट्ट होतं, दोरे चिकट होतात, आणि ऑर्गन सुरू होताना कुरकुरतो किंवा सुरूच होत नाही. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याचं तर मला नवलच वाटतं. १९५३ मध्ये सॅन डिएगोत ते घडवलं ते ओलावा हटवून गंज रोखायला, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर झाला. क्षेपणास्त्राला दोरे नसतात! इथे ते जुनं तेल पातळ करून धुऊन नेतं, आणि दोन दिवस ऑर्गन सुरळीत फिरतो, त्यामुळे फवारणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो. चिकटा खरोखर काढायचा तर मी नरसाळ्यांत नॅफ्था आणि योग्य तेल मिसळून घालतो, ऑर्गन बंद ठेवून, खिडक्या उघड्या टाकून, आणि घाई करत नाही. नॅफ्था पेट घेतो, हे वेगळं सांगायला नको.

पट्ट्यांच्या खाली मात्र तेलाचं काही काम नाही. एका पट्टीला नऊ संपर्क, एका मॅन्युअलला, म्हणजे पट्ट्यांच्या एका ओळीला, ६१ पट्ट्या. हे संपर्क पॅलेडियमचे, त्यांना गंज चढत नाही, धूळ बसते. सूर खरखरला की लोक फवारा मारतात. त्याने धूळ ओली होऊन आणखी खोल जाते. बनवणाऱ्यांनी सोय केली आहे ती साधी: एक स्क्रू फिरवला की आतली दांडी किंचित सरकते आणि संपर्क नव्या जागी टेकतात. पण हा स्क्रू आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

हे वाद्य गॉस्पेल गाणाऱ्या चर्चमध्ये रुजलं ते इथे शिकागोतच. फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये १९३९ साली केनेथ मॉरिस हा वादक हॅमंड वाजवू लागला आणि गॉस्पेलचा आवाज बदलला. चर्चना सोयीचंही होतं: पाइप ऑर्गनच्या तुलनेत किंमत कमी, जागा कमी.

भारतात असा ऑर्गन नेण्याचा विचार असेल, तर तेलाआधी मोटर पाहा. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. तीच मोटर तिथे सहापैकी पाच पट वेगाने फिरेल आणि सारी सुरावट तीन अर्धस्वरांहून थोडी अधिक उतरेल. काळी चार दाबली की ऐकू येईल पांढरी चार, तीही किंचित उतरलेली. त्यावर कुठलंही तेल चालत नाही. ५० हर्ट्झसाठी बनवलेला चाकांचा संच (टोन जनरेटर) किंवा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर घ्यावा लागतो.