मतदारांची लीग आणि वादाचा मंच

अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती अमलात यायला अजून सहा महिने होते. पण मताधिकार चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांना त्यापुढचा प्रश्न पडला होता: मत मिळेल, ते वापरायचे कसे? फेब्रुवारी १९२० मध्ये शिकागोत ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ उभी राहिली. बायकांनी पक्षांत जरूर शिरावे, असे कॅट सांगत. लीगने मात्र कोणत्याच उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, हा दंडक ठरला.

निःपक्ष असली तरी लीग गप्प बसणारी नव्हती. माता आणि अर्भकांच्या आरोग्यासाठी राज्यांना केंद्राचा निधी देणारा शेपर्ड-टाउनर कायदा १९२१ मध्ये झाला, त्यामागे लीगचा जोर होता. नव्या मतदार बायका एकगठ्ठा मत देतील, ही धास्ती प्रतिनिधींना होती. तसे होत नाही हे दिसताच धास्ती ओसरली. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होताच. १९२९ मध्ये निधी थांबला. मतांची भीती सरली की लॉबीचे वजनही सरते, हे लीगने तेव्हा अनुभवले.

पुढची दशके मतदार नोंदणी आणि मतदार शिक्षणात गेली. देशाच्या नजरेत लीग आली १९७६ मध्ये. केनेडी-निक्सन यांच्या वादानंतर सोळा वर्षे अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वाद झालाच नव्हता. कारण वाहिनीने एका उमेदवाराला वेळ दिला, तर सगळ्यांना सारखाच द्यावा लागे. वाहिनीऐवजी दुसऱ्या कुणी वाद भरवला तर तो बातमी मानता येईल, असा निर्णय १९७५ मध्ये झाला आणि लीगला वाट सापडली. फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर समोरासमोर आले. मध्येच ध्वनियंत्रणा बंद पडली आणि दोघेही सत्तावीस मिनिटे आपापल्या जागी उभे राहिले!

१९८० मध्ये लीगने खरी हिंमत दाखवली. जनमत चाचण्यांत १५ टक्के पाठिंबा, हा निकष लावून तिने अपक्ष जॉन अँडरसन यांना बोलावले. अध्यक्ष कार्टर यांनी येण्यास नकार दिला, तरी बाल्टिमोरला वाद झालाच, रेगन आणि अँडरसन यांच्यात. विद्यमान अध्यक्षासाठीही वाद न थांबवणारी संस्था पक्षांना कशी रुचावी? १९८४ मध्ये प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांची नावे प्रचारयंत्रणा एकामागून एक खोडत गेल्या. १९८७ मध्ये दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून स्वतःचा वाद-आयोगच काढला.

१९८८ मध्ये उमेदवार बुश आणि डुकाकिस यांच्या माणसांनी आपसात ठरवलेला सोळा पानी करार लीगपुढे आला. प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार, सगळे आधीच ठरलेले. ही मतदारांची फसवणूक आहे आणि आम्ही तिला हातभार लावणार नाही, असे जाहीर करून अध्यक्षा नॅन्सी न्यूमन यांनी लीगचे नाव काढून घेतले. देशातला सर्वात मोठा मंच हातचा गेला. माझ्या मते शंभर वर्षांतले लीगचे सर्वात मोठे काम हेच.

वाद आयोगाकडे गेले. १९९२ मध्ये तिसरे उमेदवार रॉस पेरो यांना मंच मिळाला, १९९६ मध्ये नाकारला गेला. २०२४ मध्ये तर बायडन आणि ट्रम्प यांनी आयोगालाही वगळून थेट वाहिनीशी ठरवले, आणि अटलांटातल्या वादाच्या त्या एका रात्रीनंतर महिन्याच्या आत बायडन शर्यतीतून बाहेर पडले. लीग आजही मतदार नोंदणी करते आणि गावोगावी स्थानिक निवडणुकांतल्या उमेदवारांना मतदारांच्या प्रश्नांसमोर आणून बसवते.