गोंडा लावलेली तोफ

एप्रिल २००६. तुम्ही कोपनहेगनमध्ये, निकोलाय चर्चपाशी उभे आहात. प्रार्थना इथे केव्हाच थांबल्या, आत आता कलादालन आहे. बाहेर मात्र रणगाडा. दुसऱ्या महायुद्धातला, अमेरिकी बनावटीचा एम-२४ शॅफी. सगळा गुलाबी, आणि सगळा लोकरीचा.

जवळ जा. अजून जवळ. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे चौकोन, चार हजारांहून जास्त, एकमेकांना जोडलेले. हा साधा सुलट-उलट, शेजारचा नक्षीचा. एकाचे टाके घट्ट, दुसऱ्याचे इतके सैल की बोट आत जाईल. गुलाबी तरी किती तऱ्हेचा! डेन्मार्क, ब्रिटन, अमेरिका आणि इतर देशांतल्या लोकांनी हे चौकोन विणून दिले. मारियान योर्गेनसेन या डॅनिश कलावतीची ही कल्पना. डेन्मार्क इराकच्या युद्धात उतरला आहे, त्याचा हा निषेध.

आता तोफेच्या नळीकडे बघा. बाळाच्या कानटोपीला असतो तसा गोंडा! हसू येतंय ना? येऊ द्या. लोकरीखालचं पोलाद तसंच आहे, पण त्याचा दरारा पार उतरला. आणि रणगाड्याला आपणहून हात लावावासा वाटणं, हे मला कुठल्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं.

तसेच वर्षभर मागे चला, समुद्रापार. २००५, टेक्ससमधलं ह्यूस्टन. मॅग्डा सायेगनं आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचं वेष्टन घातलंय. गंमत म्हणून. येणारे-जाणारे त्यापाशी रेंगाळतात, म्हणून तिनं आता रस्त्यावरचा ‘थांबा’ पाटीचा खांब निवडलाय. वर पाटी असल्यानं वेष्टन मोज्यासारखं चढवता येत नाही. लांब पट्टी विणून आणायची, खांबाभोवती लपेटायची आणि जागच्या जागी सुईनं शिवायची. खांबाला ओरखडा नाही, रंगाचा डाग नाही. नको असेल त्यानं कात्रीनं उतरवावं. रस्त्यावरच्या कलेतला हा सभ्यपणा मला फार आवडतो.

बघा, गाड्या थांबतायत. पाटीसमोर जेमतेम वेग कमी करणारी माणसं आज गाडी कडेला लावून खाली उतरतायत, डोकं खाजवतायत, खांबाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतायत. तुम्हीही उभे राहा, जागा आहे.